‘गावात’ शेवटचं कधी गेला होतात? : मध्यवस्तीतल्या फेऱ्या मोजायची रीत

“आता पेठेत कोण जातंय?” असं कोथरूडच्या सोसायटीत ऐकू येतं, आणि त्याच संध्याकाळी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. महानगरातले लोक आपल्या शहराच्या मध्यभागी नेमके किती वेळा जातात, हे ना गर्दीकडे बघून कळतं ना गप्पांवरून. ते मोजावं लागतं. इथे पुण्याचं उदाहरण घेऊन ती रीत दिली आहे. नागरिकांचा गट, व्यापारी संघटना किंवा महाविद्यालयातला प्रकल्प अशा कुणालाही दहा स्वयंसेवक आणि दोन आठवडे यांत जमेल एवढंच हे काम आहे. नागपुरात ‘बर्डी’ किंवा मुंबईत ‘टाऊन’ मोजायचं असेल तर जागांची नावं बदला. रीत तीच राहील.

आधी रेघ ओढा

‘मध्यवस्ती’ म्हणजे काय, हे प्रश्न विचारण्याआधी नकाशावर ठरलं पाहिजे. जुन्या पुणेकराला ‘गावात जाऊन येतो’ म्हटलं की लक्ष्मी रोड, मंडई, अप्पा बळवंत चौक एवढं आपोआप समजतं. वाकडला पाच वर्षांपूर्वी राहायला आलेल्या माणसाला तेच वाक्य ‘मूळ गावी जाऊन आलो’ असं ऐकू येतं, आणि तो “हो, मे महिन्यात गेलो होतो, लातूरला” असं मनापासून उत्तर देतो. निगडी-चिंचवडकडे ‘पुण्यात गेलो होतो’ म्हणतात; त्यात शिवाजीनगर येतं, डेक्कन येतं, कधीकधी कोथरूडही येतं. म्हणून ‘गावात’, ‘सिटीत’, ‘पुण्यात’ यांतला एकही शब्द प्रश्नावलीत एकटा ठेवू नका.

तीन भाग वेगळे करा. पहिला भाग पेठांचा: उत्तरेला आणि पश्चिमेला मुठा नदी, दक्षिणेला स्वारगेट आणि शंकरशेठ रस्ता, पूर्वेला नाना पेठ-भवानी पेठेची कड. दुसरा भाग नदीपलीकडचा: डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, शिवाजीनगर. तिसरा कॅम्प आणि स्टेशन. हे तीन एकत्र केले तर फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी प्यायला येणारा विद्यार्थी आणि बोहरी आळीत घाऊक माल घ्यायला येणारा दुकानदार एकाच खान्यात पडतील, आणि त्या आकड्याचा उपयोग कुणालाच होणार नाही. पिनकोडवर सीमा ठरवायचा मोह होतो (४११०३०, ४११००२, ४११०११ हे पेठांचे म्हणून ओळखीचे), पण लोकांना स्वतःच्या घरचा पिनकोड पाठ असतो, गेलेल्या दुकानाचा नसतो. छापील नकाशा आणि जागांच्या नावांचं कार्ड हेच बरं.

पेठांच्या कार्डावर आठ नावं पुरतात: लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, अप्पा बळवंत चौक, शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती, बोहरी आळी, टिळक रोड. कार्ड न दाखवता विचारलं तर लोक फक्त खरेदी आठवतात. दगडूशेठला जाऊन आलेला माणूस ‘बाजारात गेलो नाही’ म्हणून ‘नाही’ सांगतो. टिळक रोडवरच्या डॉक्टरकडे गेलेल्याचंही तसंच होतं.

फेरी कशाला म्हणायचं

पुण्यासाठी चालणारी व्याख्या अशी: रेषेच्या आत वाहनातून किंवा स्थानकातून बाहेर पडून किमान दहा मिनिटं कशासाठी तरी थांबणं. नुसतं मधून जाणं म्हणजे फेरी नव्हे. ही अट आता जास्त महत्त्वाची झाली आहे. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, तेव्हापासून पिंपरीहून स्वारगेटला जाणारा माणूस कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांखालून जातो, पण पेठेत पाऊल टाकत नाही. स्वारगेटला एसटी बदलणाराही मोजायचा नाही. बाजीराव रस्त्याने गाडी काढून थेट मनपाकडे गेलेला तर नाहीच.

एका दिवशी दोनदा गेलं तरी फेरी एकच धरा. कामानिमित्त रोज जाणारे, म्हणजे दुकानात नोकरी, कचेरी, बँक, शाळा-महाविद्यालय यासाठी जाणारे, मोजा पण त्यांच्यापुढे वेगळी खूण करा. रेषेच्या आत राहणारे गाळा. सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यासिकेत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं आधार कार्डावर धाराशिवची असतील, पण या मोजणीपुरती ती मध्यवस्तीचीच रहिवासी आहेत.

कुणाला विचारायचं

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे लक्ष्मी रोडवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारणं. त्यातून उत्तर हमखास फुगतं. हिशेब करून बघा. समजा उपनगरात १०० माणसं आहेत. १० जण दर आठवड्याला पेठेत येतात आणि ९० जण दहा आठवड्यांतून एकदा. एका आठवड्यात रस्त्यावर पहिल्यांपैकी १० आणि दुसऱ्यांपैकी सरासरी ९ दिसतील. तुम्ही त्या १९ जणांना विचारलं तर निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५३ टक्के, ‘दर आठवड्याला येतो’ म्हणतील. खरं प्रमाण १० टक्के आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक नेहमीचंच वाटतं ते याच कारणाने: जो वारंवार येतो तोच वारंवार दिसतो. जे येतच नाहीत ते तर रस्त्यावरच्या मोजणीत कधीच सापडत नाहीत.

रस्त्यावरच विचारणं भाग असेल तर प्रत्येकाला ‘आजची धरून गेल्या २८ दिवसांत किती वेळा’ हे विचारा आणि त्याच्या उत्तराला तेवढ्या आकड्याने भागलेलं वजन द्या. चार वेळा आलेल्याचं वजन पाव, एकदाच आलेल्याचं एक. आकडा बराचसा ताळ्यावर येतो. पण ‘कधीच येत नाही’ हा रकाना तरीही रिकामाच राहतो, त्यामुळे अशा मोजणीवरून ‘उपनगरातले इतके टक्के लोक’ असं वाक्य लिहिता येत नाही. ‘येणाऱ्यांपैकी इतके टक्के’ एवढंच लिहिता येतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गूगल फॉर्म टाकण्याचा मार्ग त्याहून कच्चा. ज्याला पार्किंगबद्दल बोलायचंच आहे तो भरतो, बाकीचे अंगठा दाखवून पुढे जातात. झोपडवस्ती, भाड्याच्या खोल्या, एकटे राहणारे ज्येष्ठ यांतलं कुणी त्यात येत नाही.

घरी जाऊनच विचारायला हवं. त्यासाठी शहराचे गट पाडायला विधानसभा मतदारसंघ सोयीचे पडतात. पुणे शहराच्या बाजूचे आठ (कसबा पेठ, पर्वती, कोथरूड, शिवाजीनगर, वडगाव शेरी, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट, खडकवासला) आणि पिंपरी-चिंचवडचे तीन (पिंपरी, चिंचवड, भोसरी). कसबा पेठ वगळला की दहा उरतात. प्रत्येकातून मतदार यादीचे सहा भाग (एका मतदान केंद्राचा एक भाग) चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक भागात दहा मुलाखती घ्या. एकूण ६००. एखादं घर वगळण्याचा निकष मात्र मतदारसंघ नव्हे, तुमची नकाशावरची रेघ; पेठांचा पूर्वेकडचा काही भाग दुसऱ्या मतदारसंघात आहे.

मतदार यादी फक्त भाग निवडायला वापरा, माणूस निवडायला नको. हिंजवडी-खराडीकडची असंख्य माणसं पुण्यात राहतात आणि त्यांचं नाव यादीत दुसऱ्याच गावात असतं. निवडलेल्या भागात एका ठरलेल्या कोपऱ्यापासून उजव्या हाताने चालत दर दहावं घर घ्या. इमारतीत वरच्या मजल्यापासून खाली या, नाहीतर तळमजल्यावरच कोटा संपतो. घरात १८ वर्षांवरच्या ज्या व्यक्तीचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय तिलाच विचारायचं. दार उघडेल त्याला विचारलं तर दुपारी गृहिणी आणि आजोबा, रविवारी सकाळी घरातला कर्ता पुरुष, असा तोल जातो. ‘त्यांचं मीच सांगते’ हे चालवून घेऊ नका. नवरा मधल्या सुट्टीत पेठेतल्या टापकीर गल्लीत जाऊन आला हे घरी माहीत असेलच असं नाही.

घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, मगच पुढचं घर. नेहमी बाहेर असणारी माणसंच शहरभर फिरत असतात; पहिल्याच फेरीत त्यांना सोडलं तर आकडा खाली घसरतो. चांगली वेळ संध्याकाळी सहा ते नऊ आणि रविवारी सकाळी दहा ते एक. दुपारी एक ते चार पुण्यात कुणाची बेल वाजवायची हिंमत करू नका. या सूचनेला संख्याशास्त्रीय आधार नाही, पण अनुभवाचा भरपूर आहे.

मोठ्या सोसायटीत रखवालदार गेटवरच अडवतो. आठ दिवस आधी सेक्रेटरीला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात तारीख, वेळ, येणाऱ्यांची नावं आणि ‘काहीही विकायचं नाही’ हे स्पष्ट लिहा. परवानगी नाही मिळाली तर त्या जागी शेजारची चाळ धरू नका, तशाच प्रकारची दुसरी सोसायटी घ्या आणि बदल नोंदवून ठेवा.

सहाशेच का

उत्तर साधारण निम्मं-निम्मं येत असेल तर सरळ चिठ्ठीने निवडलेल्या ४०० माणसांवरून मिळणारी टक्केवारी दोन्ही बाजूंना सुमारे ५ अंकांनी हलू शकते. १०० माणसांवरून १० अंकांनी. पण एकाच भागातली दहा घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे गटागटाने घेतलेल्या ६०० मुलाखतींची किंमत जेमतेम ४०० एवढी भरते. म्हणजे पूर्ण महानगराचा आकडा ५ अंकांच्या आतबाहेर.

एका मतदारसंघाच्या ६० मुलाखतींवरून ‘हडपसरचे लोक वडगाव शेरीपेक्षा जास्त जातात’ असं मात्र म्हणू नका. तिथे पंधरा अंकांचा फरकही निव्वळ योगायोग असू शकतो. पिंपरी, चिंचवड, भोसरी एकत्र केले की १८० होतात, तेव्हा ९ अंकांच्या आसपास येतं. तेवढ्यावर काही बोलता येईल.

मनुष्यबळ: एक मुलाखत सात मिनिटांची, पण जिने, बंद दारं आणि पाणी-चहाचा आग्रह धरून एका जणाच्या एका संध्याकाळी दहाच होतात. ६० माणूस-संध्याकाळी लागतील. दहा स्वयंसेवकांना सहा दिवस, आणि बंद घरांच्या फेऱ्यांसाठी आणखी चार.

प्रश्न कसे विचारायचे

‘तुम्ही मध्यवस्तीत किती वेळा जाता?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला मिळणारं उत्तर सवयीचं असतं, घडलेल्या गोष्टीचं नसतं. “दर संकष्टीला दगडूशेठला जातो” म्हणणाऱ्याला “मागच्या संकष्टीला गेला होतात?” विचारलं की बऱ्याचदा “नाही, तेव्हा पाहुणे होते” असं निघतं. ‘नेहमी, अधूनमधून, क्वचित’ हे पर्यायही नकोत. एकाचं ‘अधूनमधून’ महिन्यातून दोनदा असतं आणि दुसऱ्याचं वर्षातून.

क्रम असा ठेवा. कार्ड हातात देऊन:

१. या नकाशातल्या लाल रेषेच्या आत तुमचं घर आहे का? (असेल तर आभार मानून थांबा.)

२. कार्डावरच्या या जागा किंवा त्यांच्या आसपास कुठेही, गाडीतून उतरून थोडा वेळ तरी थांबलात, असं शेवटचं कधी झालं? गेल्या ७ दिवसांत, ८ ते २८ दिवसांपूर्वी, २९ ते ९० दिवसांपूर्वी, त्याआधी पण वर्षाच्या आत, वर्षापेक्षा आधी, कधीच नाही.

३. (२८ दिवसांच्या आत असेल तर) गेल्या चार आठवड्यांत असे एकूण किती दिवस गेलात? त्यातले नोकरी-धंदा-शिक्षणासाठी किती?

४. शेवटच्या वेळी मुख्य काम काय होतं? कसे गेलात? तिथे किती वेळ होतात?

५. (९० दिवसांत गेले नसतील तर) तेच काम आता कुठे होतं?

मग दुसरा आणि तिसरा प्रश्न डेक्कनच्या आणि कॅम्पच्या कार्डासाठी पुन्हा. शेवटी वय, लिंग, किती वर्षं या घरात, घरात वाहन आहे का. उत्पन्न विचारायची गरज नाही. तो प्रश्न आला की दार बंद होतं.

महिना न म्हणता २८ दिवस म्हणण्याचं कारण सोपं आहे: त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. महिना म्हटलं की कधी पाच रविवार पडतात.

आठवण पुढे-मागे सरकते. दोन महिन्यांपूर्वीची पैठणीची खरेदी ‘परवाच’ झालेली वाटते. तारीख विचारण्यापेक्षा खुंटी द्या: “गणपती उठल्यानंतर की आधी?”, “शाळा सुरू होण्याआधी?”, “पालखी होती तेव्हा?” मुलाखतीला निघण्याआधी मागच्या ९० दिवसांतल्या सण-सुट्ट्यांची पट्टी कागदावर करून घ्या. मराठी न समजणाऱ्या घरांसाठी हिंदी आणि इंग्रजी प्रत आधीच छापा. दारात उभ्या उभ्या केलेलं भाषांतर प्रत्येक स्वयंसेवकाचं वेगळं होतं.

पाचवा प्रश्न गाळू नका. व्यापाऱ्यांना खरा उपयोग त्याचाच. ‘जात नाही’ याचा अर्थ पार्किंग मिळत नाही असा असेल, घराजवळच दुकान निघालं असा असेल किंवा वस्तू फोनवरून मागवतो असा असेल. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पर्याय वाचून दाखवू नका. ‘पार्किंग’ हा शब्द कानावर पडला की निम्मे लोक त्यालाच हो म्हणतात.

आधी वीस घरांत चाचणी घ्या. ज्या प्रश्नावर तीनपेक्षा जास्त लोक “म्हणजे?” म्हणतात तो पुन्हा लिहा.

कधी मोजायचं

पुण्यात वर्षभर एकसारखा आठवडा नसतो. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची झुंबड, आषाढी वारीच्या वेळी पालख्यांचा नाना पेठ-भवानी पेठेत मुक्काम, मग गणेशोत्सव. त्याच्या पाठोपाठ पितृपक्ष येतो आणि कपडे-दागिन्यांची खरेदी थंडावते, आणि दिवाळीआधी पुन्हा लक्ष्मी रोड भरतो. ‘गणपती झाले, आता निवांत मोजू’ असं म्हणून पितृपक्षात उतरलात तर वर्षातला जवळजवळ सगळ्यात मंद पंधरवडा हाती येईल, आणि प्रश्नातले मागचे २८ दिवस उत्सवात घुसल्यामुळे उत्तरांची आणखी सरमिसळ होईल. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात सपाट काळ. शक्य असेल तर दोनदा मोजा: एकदा तेव्हा आणि एकदा जुलैच्या अखेरीस.

पुढच्या वर्षी तुलना करताना इंग्रजी तारखेवर विसंबू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. म्हणजे सप्टेंबरचा पहिला आठवडा एका वर्षी ऐन उत्सवात आणि दुसऱ्या वर्षी उत्सवाच्या आधी. त्या दोन आकड्यांत जो फरक दिसेल तो पंचांगाचा असेल.

हिशेब

पहिल्यांदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचा मेळ तपासा. ‘शेवटचं गेल्या ७ दिवसांत’ आणि ‘चार आठवड्यांत एकदाही नाही’ असं एकाच कागदावर असेल तर त्या घरी पुन्हा फोन किंवा फेरी. शंभरात पाचपेक्षा जास्त कागद असे निघाले तर दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही, विचारणाऱ्यांचा आहे. कार्ड दाखवलं गेलेलं नाही.

मग वजन. प्रत्येक मतदारसंघातून ६० घेतले, पण मतदार सगळीकडे सारखे नाहीत. मतदारसंघाचे मतदार भागिले दहाही मतदारसंघांचे मतदार, हे प्रमाण घेऊन त्याला नमुन्यातल्या प्रमाणाने (इथे प्रत्येकी दहावा हिस्सा) भागा. जनगणनेचे २०११ चे आकडे (पुणे मनपा सुमारे ३१ लाख, पिंपरी-चिंचवड सुमारे १७ लाख) यासाठी वापरू नका. नंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे मनपात आली आणि वस्तीचा तोलच बदलला. स्त्री-पुरुषांचंही तसंच: नमुन्यात ७० टक्के पुरुष आले आणि खरे ५२ टक्के असतील तर पुरुषाचं वजन ५२ भागिले ७०, म्हणजे ०.७४, आणि स्त्रीचं ४८ भागिले ३०, म्हणजे १.६. कुणाचंही वजन ३ च्या वर गेलं तर गणित थांबवा आणि त्या गटातल्या आणखी मुलाखती घ्या.

सरासरी एकटी छापू नका. दहा जणांच्या फेऱ्या ०, ०, ०, ०, १, १, १, २, ३ आणि लक्ष्मी रोडवर नोकरी करणाऱ्याच्या २४. सरासरी ३.२ येते, पण मधला माणूस एकदाच गेलाय आणि चौघे गेलेलेच नाहीत. म्हणून तीन आकडे द्या: २८ दिवसांत एकदा तरी गेलेले किती टक्के; कामावर जाणारे वगळून मधल्या माणसाच्या फेऱ्या; आणि वर्षभरात एकदाही न गेलेले किती टक्के. वर्तमानपत्रं बहुधा तिसराच मथळा करतात, त्यामुळे तो सगळ्यात काळजीने तपासा.

मंडई स्थानकातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या किंवा वाहनतळाच्या पावत्या मिळाल्या तर जोड म्हणून वापरा. त्या माणसं मोजत नाहीत, फेऱ्या मोजतात. एकच माणूस महिन्यात वीस वेळा त्यात येतो.

फोन नंबर फक्त पडताळणीसाठी घ्या, तोही उत्तरांच्या कागदावर न लिहिता वेगळ्या वहीत, क्रमांकाने जोडून, आणि पडताळणी झाली की ती वही फाडून टाका. निकालासोबत प्रश्न शब्दशः, नकाशा, मोजणीच्या तारखा, किती दारं ठोठावली आणि किती उघडली हे छापा. दोन वर्षांनी दुसरं कुणी हीच मोजणी करायला घेईल तेव्हा त्याला तुमच्या टक्केवारीआधी या कागदांची गरज लागेल.